भिंतीपलीकडची अंडी

शनिवारच्या शेतकरी बाजारातून आजवर जे कुणी हाकलले गेले, ते सगळे लबाडी करताना सापडले म्हणून. खरं लिहून हाकलली गेलेली बाई एकच. आणि तिने ते खरं नुसतं लिहिलं नव्हतं, तर लांबून दिसावं म्हणून पाटीवर खडूने दोनदा गिरवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तिला सगळा बाजार अंडीवाल्या मावशी म्हणायचा. पालिकेच्या वाहनतळावर शनिवारी गाड्या बंद असायच्या आणि पांढऱ्या पट्ट्यांवर टेबलं लागायची. त्यातलं सात नंबरचं टेबल मावशीचं. नऊ वर्षं. टेबलावर धुऊन धुऊन फिका पडलेला निळा कपडा, त्यावर अंड्यांचे ट्रे, शेजारी मोडका चमचा ठेवलेला एक काचेचा पेला. कुणी अंड्याबद्दल शंका काढली की मावशी त्याच्यासमोर पेल्यात पाणी ओतायची आणि अंडं सोडायची. अंडं तळाशी आडवं पडायचं. ताजं अंडं बुडतं, शिळं उभं राहतं, फार शिळं तरंगतं. "बघा, पडलंय ना आडवं? माणूस पण थकला की आडवाच पडतो. आज पहाटे घातलंय बिचारीने," असं वर सांगायची.

जीभ तिखट. "ताजी आहेत ना?" असं विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं होतं. "छे हो, आजीच्या वेळची आहेत, खास तुमच्यासाठी जपून ठेवलीत." लोक हसायचे आणि घ्यायचे. त्यातले एक आजोबा होते, घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले, एकटे राहणारे. ते नऊ वर्षं दर शनिवारी बरोबर सहा अंडी न्यायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही. मावशीने घरी त्यांचं नाव 'अर्धा डझन' ठेवलं होतं. "आज अर्धा डझन खोकत होते," असं ती नवऱ्याला सांगायची आणि नवऱ्यालाही कळायचं.

तुम्ही म्हणाल, अंडी विकण्यात एवढं काय आहे? आहे हो. त्याआधी मावशीने सोळा वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या होत्या. तिथे तिला नाव नव्हतं. "अगं ए, त्या गाठोड्याचं बघ." सोळा वर्षं ती 'अगं ए' होती. एक दिवस टेबलावरची चादर टाकून ती घरी आली आणि परसात वीस कोंबड्या आणून सोडल्या. नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक. त्याने कोंबड्या पाहिल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "यांना इंजिन कुठे असतं?" पण त्यानेच भंगारातल्या पत्र्यांचं पहिलं खुराडं उभं करून दिलं. विसाच्या एकशेवीस झाल्या. आणि शनिवारी त्या निळ्या कपड्यामागे उभी राहिली की याच बाईच्या शब्दावर शिकलेली, सूटबूट घातलेली माणसं विश्वास ठेवायची. "मावशी म्हणाल्या ना, मग झालं." एवढं एक वाक्य ऐकायला ती आठवडाभर शेण-पिसांत हात घालायची. तिची कमाई म्हणजे ते वाक्य. बाकी सगळं पोटापुरतं.

आता नियमाचं ऐका, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं.

सहा वर्षांपूर्वी बाजारात अकरा नंबरला एक माणूस अंडी घेऊन बसायला लागला. चेहऱ्याने गरीब, बोलायला लोणी. "घरच्या कोंबड्यांची, ताई, घरची." मावशीने दोन शनिवार नुसतं पाहिलं. तिसऱ्या शनिवारी ती उठून त्याच्या टेबलाशी गेली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, तुमच्या सगळ्या कोंबड्या एका मापाच्या साच्यातून काढल्यात का?" त्याची अंडी एकजात सारखी. घरच्या कोंबड्यांची अंडी अशी नसतात. एक मोठं, एक बोराएवढं, एक तपकिरी, एक मळकट पांढरं, एखाद्यावर रेघा. तिने एक अंडं उचलून उन्हात धरलं. कवचावर फिकट गुलाबी डाग होता. ठोक कारखान्याचा शिक्का व्हिनेगरने पुसल्यावर राहतो तसा. त्या माणसाने तासाभरात गाशा गुंडाळला.

त्या दिवशी मावशी बाजाराची राणी होती. समितीची बैठक बसली आणि नियम लिहायला घेतले. अध्यक्ष मधवाले काका. मध विकणारे, पांढऱ्या दाढीचे, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. ठरलं असं की भाजी, फळं, अंडी असा कच्चा माल पन्नास किलोमीटरच्या आतला हवा आणि विकणाऱ्याने स्वतः पिकवलेला हवा. पाव, साबण, कॉफी असा प्रक्रिया केलेला माल मात्र इथे तयार झाला की पुरे. अंड्यांचं टेबल एकच, म्हणजे भांडणं नकोत. दरवर्षी समितीचं माणूस घरी येऊन कोंबड्या मोजणार. तेव्हा मधवाले काकांनी विचारलं होतं, "शेजाऱ्याचा थोडा माल कुणी आणला तर? अडीनडीला?" आणि मावशी ताडकन उभी राहून म्हणाली होती, "मुळीच नाही. आज शेजारी, उद्या शेजाऱ्याचा मेहुणा, परवा ट्रक. स्वतःचं म्हणजे स्वतःचं." टाळ्या पडल्या. कारकुनाने जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

स्वतःच्या पायावर पाडायचा धोंडा मावशीने असा स्वतःच घडवून, घासून, गुळगुळीत करून ठेवला.

मागच्याच्या मागच्या वर्षी थंडीच्या तोंडाशी मावशीच्या कोंबड्यांची पिसं गळायला लागली. यात नवल काही नाही. कोंबडी पहिल्या वर्षी हिवाळाभर अंडी देते. दुसऱ्या वर्षी दिवस लहान झाले की पिसं टाकते, नवी आणते आणि तेवढे दोन-तीन महिने अंडी बंद. अंगावर कपडा नाही तर पोरं कुठून देणार? लोक खुराड्यात पहाटे तीनपासून दिवे लावतात, कोंबडीला वाटतं उन्हाळा आलाय, आणि ती बिचारी झिजत झिजत अंडी देत राहते. मावशी ते करत नसे. "मला नाही कुणी सोळा वर्षांत पिसं गाळायला रजा दिली. यांना तरी असू दे," म्हणायची. शिवाय दर दोन वर्षांनी अर्धा कळप नवा करायचा हे तिचं गणित त्या वर्षी चुकलं होतं, कारण वसंतातली पिल्लं रोगाने गेली होती. त्यामुळे एकशेवीसच्या एकशेवीस कोंबड्या एकदमच उघड्याबोडक्या होऊन परसात हिंडत होत्या.

शनिवारी टेबलावर दोन ट्रे. पुढच्या शनिवारी अर्धा. गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परत जायला लागली. अर्धा डझन आजोबांना तिने चार अंडी दिली तेव्हा ते पिशवीत पाहत म्हणाले, "मग गुरुवार-शुक्रवारी काय करू?" मावशीला ते फार लागलं.

परसाच्या मधोमध छातीएवढी भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मावशी, पलीकडे धाकटी जाऊ. दीर दूर बोटीवर कामाला, वर्षातून एकदा यायचा. जावेने मावशीचं बघूनच कोंबड्या पाळल्या होत्या, ऐंशी. तेच दाणे, तोच शिंपल्यांचा चुरा, तोच पाला, कारण दोघींसाठी मावशीच आणायची. फरक एवढाच की जावेच्या तलंगा, म्हणजे पहिल्याच वर्षाच्या कोवळ्या कोंबड्या, भर थंडीत बदाबदा अंडी घालत होत्या. आणि ती अंडी बुधवारी ठोकवाल्याच्या गाडीत जात होती. तिथे त्यांच्यावर शिक्का मारून ती कुठल्या कुठे मिसळायची.

मावशी भिंतीशी गेली. "अगं, तुझी अंडी मला दे शनिवारपुरती. ठोकवाला देतो त्याच्या दुप्पट देते."

जाऊ म्हणाली, "नेऊन विका, जाऊबाई. पण तुमच्या त्या नियमाचं काय?"

"नियम लबाडांसाठी आहे. मी काय लबाडी करतेय? सांगूनसवरून विकणार."

नवरा पायरीवर बसून बुटाला तेल लावत होता. तो म्हणाला, "मला विचारशील तर सांगून विकू नकोस. नाहीतर विकू नकोस. दोन्ही एकदम नको."

"तुम्हाला नाही विचारलं," मावशी म्हणाली.

खरं तर त्या माणसाने आयुष्यात काढलेलं सर्वांत शहाणं वाक्य ते. पण बायको ऐकेल तर ना! शनिवारी मावशीने काळी पाटी टेबलावर उभी केली. 'आजची अंडी माझ्या जावेच्या कोंबड्यांची. भिंतीपलीकडची. माझ्या कोंबड्या सुट्टीवर आहेत.' आणि दोनदा गिरवली. लोकांनी वाचलं, लोक हसले. अर्धा डझन आजोबा चष्मा वर करून वाचत म्हणाले, "वा! जावेला शाबासकी सांगा माझी." सहा अंडी घेऊन गेले. असे पाच शनिवार गेले आणि मावशीला वाटत राहिलं की बघा, खरं बोललं की कसं सगळं सुरळीत चालतं.

सहाव्या शनिवारी तपासणीची पोरगी आली. नवीनच लागलेली, हातात टॅबलेट, बुटाच्या नाड्या सुटलेल्या. पाटीपुढे थबकली. दोनदा वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, ही पाटी काढा ना."

"का गं? खोटं लिहिलंय का काही?"

"खरं लिहिलंय म्हणूनच म्हणते. मी पलीकडून फेरी मारून येते दहा मिनिटांत. तोवर काढा. मी काही पाहिलं नाही."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पाटी उलटी ठेवली असती, पोरीला चहा पाजला असता आणि देवाचे आभार मानले असते. पण मावशीचा पारा चढला. नऊ वर्षं ज्या शब्दावर ती उभी होती, तो शब्द लपवायला सांगतेय ही काल आलेली पोर! "काढणार नाही. मी काय चोरी केलीय लपवायला? तुला काय लिहायचं ते लिही जा!" हे इतक्या मोठ्याने की पाववाल्याच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एवढं झाल्यावर पोरीचा तरी काय इलाज होता? तिने पाटीचा फोटो काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मावशीला नंतर घरी गेल्यावर आठवलं.

चौकशी मंगळवारी, वाहनतळाच्या पावती-खिडकीमागच्या खोलीत. चार खुर्च्या, एक टेबल, भिंतीला ओल. मधवाले काका, पाववाला, कॉफीवाली आणि रोपं विकणारा माळी. सगळे रोजचे. मावशीच्या हातची अंडी खाऊन वाढलेले. आज एकही जण सरळ बघायला तयार नाही.

मधवाल्या काकांनी घसा साफ केला. "नियम आहे, मावशी. आमचा नाइलाज आहे."

"काका, पन्नास किलोमीटरचा नियम ना? माझ्या जावेचं खुराडं माझ्यापासून वीस पावलांवर आहे. मोजून घ्या."

"अंतराचा प्रश्न नाही. 'स्वतःचं' हा प्रश्न आहे."

"असं? मग तुमच्या माश्या कुणाच्या फुलांवर बसतात हो? गावभरची फुलं हुंगून येतात, ती फुलं तुमच्या मालकीची?"

"माश्या माझ्या आहेत," काका म्हणाले.

"आणि यांचं पीठ?" मावशी पाववाल्याकडे वळली. "गोणीवर कुठल्या देशाचं नाव आहे ते मला वाचता पण येत नाही. समुद्र ओलांडून येतं ते! आणि कॉफी? इथे पन्नास किलोमीटरात कॉफीचं एक झाड दाखवा, मी आज कोंबड्या सोडून देते!"

कॉफीवाली हळूच म्हणाली, "आम्ही इथे भाजतो ना, मावशी. तो प्रक्रिया केलेला माल."

"मग मी अंडी उकडून आणते!"

ती रागाने बोलली होती. पण माळ्याने नियमाचं पान उलटलं, बोट फिरवलं आणि अगदी गंभीरपणे मान डोलावली. "उकडली तर चालतील. मग कुणाच्याही कोंबडीची चालतील. ठोकवाल्याची पण. फक्त परवाना वेगळा काढावा लागेल."

खोलीत कुणी हसलं नाही. हसण्यासारखंच होतं, पण हसलं नाही. 

शेवटचा घाव कारकुनाने घातला. त्या बापड्याच्या मनात काही नव्हतं, त्याला वाचायला सांगितलं म्हणून त्याने वाचलं. नियम लिहिले त्या दिवशीची बैठक. 'आज शेजारी, उद्या शेजाऱ्याचा मेहुणा, परवा ट्रक. स्वतःचं म्हणजे स्वतःचं.' सूचना कुणाची, तर सात नंबरची. मावशीने ते ऐकलं. मनात एवढंच आलं की मी हे त्या लबाडासाठी बोलले होते. पण वहीत कुठे लिहिलेलं असतं कुणासाठी बोललं ते?

एक वर्ष बंदी. वर्षानंतर जागा रिकामी असेल तर पुन्हा अर्ज करता येईल. बाहेर पडताना तपासणीची पोरगी दारात उभी होती. "मावशी, तुम्ही पाटी लावली नसती तर मला कधी कळलंच नसतं," म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ठाऊक होतं. पण इथे संन्याशाने स्वतः दोर विकत आणून दिला होता.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या फाटकावर कागद लागला. अंडी विक्रेत्याची जागा भरायची आहे. त्या संध्याकाळी जाऊ भिंतीशी आली. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

"जाऊबाई, मी अर्ज करू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार."

मावशीच्या मनात होतं ते सांगायचं तर असं होतं: नको करूस. ती जागा माझी आहे. वर्षभर रिकामी राहू दे, धूळ खात पडू दे, पण दुसरं कुणी तिथे उभं राहायला नको. हे ती बोलली असती तर जाऊ मुकाट्याने परत गेली असती. पण मावशी म्हणाली, "कर की. मी कोण अडवणारी?" आणि जावेने तो होकार धरला. तिची तरी काय चूक? ऐंशी कोंबड्या, दोन मुली, नवरा समुद्रावर. तिला जागा मिळाली. कोंबड्या तिच्या, अंडी तिची, नियमात अगदी चपखल बसली.

त्यानंतर दोघींत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. भांडण झालं की मिटतं तरी. या दोघी एकमेकींशी गोड बोलायला लागल्या. "चहा झाला का?" "झाला, तुमचा?" शनिवारी पहाटे जावेच्या गाडीचा आवाज आला की मावशी पांघरूण डोक्यावरून घ्यायची. नवरा जागा असायचा, पण बोलायचा नाही. मेकॅनिक माणूस, कुठल्या यंत्राला हात लावायचा नाही ते त्याला कळायचं.

वर्षभर मावशीची अंडी ठोकवाल्याच्या गाडीत गेली. बुधवारी गाडी दारात यायची, माणूस ट्रे उचलायचा आणि तिथेच दारात धाड धाड शिक्के मारायचा. जांभळी शाई. तिच्या नऊ वर्षांच्या नावावर कुणी थुंकावं तसं तिला व्हायचं. पण आस सुटत नव्हती. वसंतात तिने साठ नवी पिल्लं वाढवली, उबेच्या दिव्याखाली रात्रंदिवस राखली, एक मरू दिलं नाही. वर्ष संपलं की अर्ज करायचा आणि भरलेले ट्रे घेऊन उभं राहायचं. वर्ष संपलं. अर्ज केला. उत्तर आलं, जागा रिकामी नाही. जागा कुणाकडे आहे ते तिला ठाऊक होतंच. मग अर्ज केला कशाला, असं नवऱ्याने विचारलं नाही.

आणि तोवर पुन्हा थंडी आलेली होतीच. या वेळी जावेच्या कोंबड्यांचं दुसरं वर्ष. ऐंशीच्या ऐंशींनी पिसं टाकली. मावशीच्या साठ तलंगा मात्र खुराडं भरभरून अंडी घालत होत्या. निसर्गाला समितीचे नियम कुणी वाचून दाखवलेले नसतात.

जाऊ भिंतीशी आली. बराच वेळ हवापाण्याचं बोलली. ताकाला जाऊन भांडं लपवत होती. शेवटी मावशीच म्हणाली, "किती हवीत?"

जावेला एकदम रडू आलं. "मी नाही मागणार होते, जाऊबाई. पण वर्षभर मेहनतीने गिऱ्हाईक धरलंय. रिकाम्या टेबलामागे उभं राहवत नाही हो. पण तुमचं झालं तसं माझं झालं तर? मी पाटी लावू का? तुम्ही सांगाल तसं करते."

मावशीने मनात हिशेब मांडला. आता तिने 'लाव' म्हटलं तर जाऊ लावेल, इतकी ती साधी होती. दोघी बाहेर. मग दोन्ही घरची अंडी जांभळ्या शाईखाली. आणि नाही म्हटलं, तर मावशीची अंडी निदान त्या माणसांच्या घरी जातील जी पाण्याच्या पेल्याशिवाय ओळखतात. अर्धा डझन आजोबांच्या तव्यावर जातील. नाव नाही, पण अंडी तरी.

"काही लावू नकोस," मावशी म्हणाली. "कुणी विचारलं तर म्हणायचं, माझ्याच कोंबड्यांची. मान खाली घालू नकोस म्हणताना. सरळ तोंडाकडे बघून म्हण."

"खोटं बोलू?"

"हो. शीक आता. मी शिकले नाही, त्याचं काय झालं ते बघतेस ना?"

म्हणाली आणि आत येऊन चुलीशी उभी राहिली.  अकरा नंबरच्या ज्या माणसाला तिने भर बाजारात उन्हात उभं केलं होतं, त्याने आपल्या बायकोला घरी असंच सांगितलं असेल, असं तिच्या मनात आलं. फरक होता. तिची अंडी चांगली होती. पण बोलणं तेच होतं.

चार शनिवार बिनबोभाट गेले. पाचव्या शनिवारी जावेचं मनगट दुखावलेलं होतं. "फाटकापर्यंत ट्रे आणून द्याल का?" म्हणाली. मावशी सव्वा वर्षात त्या वाहनतळाकडे फिरकली नव्हती. फाटकापर्यंतच, असं ठरवून गेली. पण शेवटचा ट्रे गाडीत राहून गेला आणि तो घेऊन तिला सात नंबरपर्यंत जावं लागलं.

टेबलासमोर अर्धा डझन आजोबा उभे होते. जरा वाकलेले, मफलर तोच.

"अहो बाई! तुम्ही!" त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि तो उजेड विझला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? वाईट नका वाटून घेऊ. लोक काहीबाही बोलतात, पण मी मनात काही ठेवलेलं नाही. तुम्ही दुसऱ्यांची अंडी घरची म्हणून विकलीत, झालं. माणूस आहे. टेबल रिकामं दिसलं की मोह होतो."

पाटी त्यांनी स्वतः वाचली होती. चष्मा वर करून. शाबासकी सांगितली होती. सव्वा वर्षात बाजारातल्या बोलण्याने ती पाटी त्यांच्या डोक्यातून साफ पुसून टाकली होती, आणि म्हातारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं.

मावशीच्या ओठांवर सगळं आलं. पाटी, पोरगी, पाववाल्याचं पीठ, सगळं. तेवढ्यात आजोबांनी ट्रेमधलं एक अंडं उचललं. तपकिरी, टोकाशी ठिपके असलेलं. ते कुठल्या तलंगेचं आहे हे मावशी डोळे मिटून सांगू शकली असती.

"आणि हे बघा," आजोबा म्हणाले, "हिची अंडी. घरची. फरक कळतो हो जिभेला. गेल्या महिनाभरात तर काय बलक आहे! तुमच्या वेळी अशी नव्हती, खरं सांगायचं तर."

जावेचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोंड उघडलं. ती सांगणार होती, मावशीला दिसलं. दोन टेबलांपलीकडे तपासणीची पोरगी टॅबलेटवर काहीतरी टिपत उभी होती. मावशीने टेबलाखालून जावेच्या पायावर पाय दिला, जोरात.

"हो," मावशी आजोबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "झाला खरा मोह. चुकलं माझं."

"बघा, कबूल केलंत, यातच सगळं आलं," आजोबांनी तिच्या हातावर थोपटलं. "आता तुम्हीही इथूनच नेत जा. खात्रीचा माल आहे."

त्यांनी सहा अंडी मोजून घेतली, तिला मनापासून क्षमा केली आणि पावाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.